रेल्वे कुणाची, पैसा कुणाचा?

आज मी एक साधा प्रश्न घेऊन आलो आहे. रेल्वे बांधून माणूस श्रीमंत कसा होतो? नीट ऐका हं, रेल्वे कंपनी नफ्यात कशी येते, असं मी विचारत नाही. माणूस, एक व्यक्ती, श्रीमंत कशी होते? हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात, पण ते एक नाहीत. त्यांच्यातला फरक समजला की गेल्या पावणेदोनशे वर्षांचा आपला बराच इतिहास समजतो. अगदी आपल्या रत्नागिरीच्या दारातून जाणाऱ्या कोकण रेल्वेचासुद्धा.

हा फरक मला सगळ्यात स्वच्छ दिसला तो एका संगणकावरच्या खेळात. तरुण मंडळींपैकी काहींना ‘रेलरोड टायकून’ हे नाव माहीत असेल. सिड मायर यांनी तो खेळ १९९० साली आणला आणि त्याचा दुसरा भाग १९९८ मध्ये आला. ही दोन सालं लक्षात ठेवा, पुढे लागतील. या दुसऱ्या भागात खेळणारा हा रेल्वे कंपनीचा अध्यक्ष असतो. कंपनीची तिजोरी वेगळी आणि त्याचा स्वतःचा खिसा वेगळा. बऱ्याच डावांत जिंकायची अट कंपनीच्या मालमत्तेची नसते, अध्यक्षाच्या व्यक्तिगत संपत्तीची असते.

नवशिक्या काय करतो? रूळ टाकतो, गाड्या सोडतो, कोळसा पोलादाच्या कारखान्याला पोचवतो. कंपनी भरभराटीला येते, पण अध्यक्षांचा खिसा जवळजवळ रिकामाच राहतो. मुरलेला खेळाडू वेगळी चाल खेळतो. कंपनी काढतानाच थोडं भांडवल स्वतःचं घालतो, उरलेलं बाहेरच्या गुंतवणूकदारांचं. भाव पडलेला असताना स्वतःच्या कंपनीचे शेअर्स स्वतःच्या नावावर घेत राहतो. रूळ टाकायला कंपनीच्या नावे रोखे काढतो, म्हणजे कर्ज कंपनीवर. नफा दिसला की भाव चढतो. चढलेल्या शेअर्सच्या तारणावर तो उधारीत आणखी शेअर्स घेतो. मग अध्यक्ष या नात्याने लाभांश वाढवतो आणि भागधारक या नात्याने तोच लाभांश खिशात घालतो. एकच माणूस टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला! बाजार फिरला तर मात्र उधारीवाला दलाल दार ठोठावतो, शेअर्स पडत्या भावाने विकावे लागतात आणि डाव संपतो.

म्हणजे चाली मोजल्या तर चारच. दुसऱ्याचं भांडवल वापरा, कर्ज संस्थेच्या माथी ठेवा, भाव वाढण्याआधी आपला हिस्सा घेऊन ठेवा आणि नुकसान आपल्यापर्यंत येणार नाही अशी सोय करा. खेळ करणाऱ्यांनी यातलं काही मनाने रचलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात हे सगळं घडून गेलेलं आहे.

इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात जॉर्ज हडसन नावाचा गृहस्थ होता. लोक त्याला ‘रेल्वेचा राजा’ म्हणत. हा भागधारकांना घसघशीत लाभांश देई, पण तो नफ्यातून नाही, भांडवलातूनच. म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला बक्षीस म्हणून परत. १८४९ मध्ये हिशेब तपासले गेले आणि राजाचं राज्य गेलं. अमेरिकेत युनियन पॅसिफिक रेल्वेच्या आतल्या मंडळींनी ‘क्रेडिट मोबिलिए’ नावाची बांधकाम कंपनी हाताशी धरली. रेल्वेचं काम याच कंपनीला, अवाच्या सवा दराने. रेल्वेच्या डोक्यावर कर्ज आणि बांधकाम कंपनीच्या भागधारकांना घबाड. दोन्हीकडे माणसं तीच! १८७२ मध्ये ते प्रकरण फुटलं तेव्हा अमेरिकन काँग्रेसच्या सभासदांनाही त्यातले शेअर्स वाटले गेल्याचं उघड झालं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे जे झालं ते यापेक्षा सभ्य होतं. कायदेशीर होतं, करारात लिहिलेलं होतं. म्हणूनच ते जास्त समजून घेण्यासारखं आहे.

मुंबईतून रेल्वे निघावी म्हणून ज्यांनी जिवाचं रान केलं त्यांत नाना शंकरशेट, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, आणि सर जमशेटजी जीजीभाई ही नावं अग्रभागी आहेत. १८४५ मध्ये त्यांनी इंडियन रेल्वे असोसिएशन काढली. तीच पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे जीआयपीत, सामावली गेली. १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने कंपनी उभी राहिली आणि त्याच ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ३४ किलोमीटर. हे आपण शाळेत शिकतो. शिकत नाही तो करार. तो असा होता.

कंपनीने लंडनमध्ये भांडवल उभं करायचं. त्यावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारची. गाडी चालो न चालो, माल मिळो न मिळो, शंभर पौंडांवर वर्षाला पाच पौंड मिळणारच. जमीन सरकारने फुकट द्यायची, ९९ वर्षांच्या मुदतीने. कंपनीला वाटलं की हे प्रकरण आपल्याला झेपत नाही, तर नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात घालायची आणि भांडवल परत घ्यायचं. उलट सरकारला रेल्वे विकत घ्यायची असेल तर २५ किंवा ५० वर्षांनीच, आणि तीही शेअर्सच्या आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी बाजारभावाने.

जरा थांबून या अटी पुन्हा मनात वाचा. धंदा बुडाला तर भांडवल परत. रडतखडत चालला तर ५ टक्के. चांगला चालला तर ५ टक्क्यांवर नफ्यात वाटा. खेळातल्या मुरलेल्या खेळाडूलासुद्धा अशी अट कुणी देत नाही! आणि ही हमी भरायची कुणी? ‘सरकार’ म्हटलं की डोळ्यांसमोर एक इमारत येते. पण सरकारची तिजोरी म्हणजे शेतसारा. साताऱ्याचा, खानदेशाचा, आपल्या रत्नागिरीचा कुळवाडी. ज्याने जन्मात आगगाडी पाहिली नव्हती, तो लंडनमधल्या पेन्शनर बाईच्या पाच पौंडांना जामीन राहिला होता. आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

इथे एक शंका यायला हवी. एवढी सोन्यासारखी अट होती, तर मुंबईच्या शेटजींनी सगळे शेअर्स का घेतले नाहीत? हिंदी भागधारक अगदीच मोजके होते. याचं उत्तर फार मजेदार आहे. लंडनमध्ये सरकारी रोख्यांवर ३ टक्क्यांच्या आसपास सुटत. तिथे निर्धास्त ५ टक्के म्हणजे दिवाळी. मुंबईत कापसात, अफूत, सावकारीत त्याच्या दुपटीने सहज सुटत असे. इथल्या व्यापाऱ्याला ५ टक्के म्हणजे पैसा निजवून ठेवणं. एकच कागद एका गावात संपत्तीचं साधन होता आणि दुसऱ्या गावात आळशी पैसा. त्यामुळे नानांसारख्यांनी रेल्वेसाठी खटपट केली ती शेअरच्या व्याजासाठी नव्हे. शहर वाढेल, व्यापार वाढेल, आपल्या लोकांचं भलं होईल, हा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब खोटा ठरला नाही. पण रेल्वेचा सुरक्षित पैसा समुद्रापलीकडे गेला हेही तितकंच खरं.

आता हमीचा परिणाम पाहा. ज्याला नुकसान होणारच नाही त्याला काटकसर करण्याचं कारण काय? १८७२ मध्ये संसदेच्या चौकशी समितीसमोर विल्यम मॅसी यांची साक्ष झाली. हे हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की भागधारकाला पाच टक्के मिळणार असल्यामुळे त्याचा पैसा विटा-चुन्यात गेला काय आणि हुगळी नदीत टाकला काय, त्याला सारखंच. हे राष्ट्रवादी पुढाऱ्याचं भाषण नाही, त्याच व्यवस्थेच्या माजी खजिनदाराची साक्ष आहे.

आणि रुपयाचं काय झालं? करारात रुपयाचा दर १ शिलिंग १० पेन्स असा बांधलेला होता. म्हणजे २२ पेन्स. एका पौंडाचे २४० पेन्स, तेव्हा पाच पौंडांचे साधारण साडेचोपन्न रुपये. चांदी उतरत गेली आणि १८९० च्या दशकात रुपया १६ पेन्सच्या घरात आला. तेच पाच पौंड आता ७५ रुपयांचे झाले. हा वरचा वीस रुपयांचा बोजा भागधारकावर आला का? नाही. तो सरकारवर, म्हणजे पुन्हा आपल्या कुळवाड्यावर.

शेवटी १९०० साली सरकारने जीआयपी विकत घेतली. भाव कोणता? शेअर्सचा बाजारभाव. आणि तो भाव शंभरावर चढलेला का होता? सरकारची हमी होती म्हणून! स्वतःच्या हमीने चढवलेला भाव स्वतःच मोजायचा. कारभार मात्र १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिला.

आता दुसरी बाजू, उधारीच्या चालीची. मुंबईत ती १८६१ ते १८६५ या काळात खेळली गेली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे धावल्या आणि मुंबईत सोन्याचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे सूत्रधार. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या शेअरचा भाव भरलेल्या रकमेच्या कितीतरी पटींनी चढला. शेअर तारण ठेवून कर्ज, त्या कर्जातून आणखी शेअर्स. मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ ला चुकते करायचे होते. त्याआधीच युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि त्या एक जुलैला मुंबईतली मोठमोठी घराणी बसली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा धन्वंतरी आणि विद्वान, तोही त्यात होरपळला. खेळात याला एक खिडकी उघडते आणि ‘पुन्हा सुरू करा’ असं बटण येतं. भाऊंना बटण नव्हतं.

या दोन चित्रांची तुलना करा. लंडनच्या भागधारकाने धोका घेतलाच नाही आणि तो सुखात राहिला. मुंबईच्या सटोडियाने झेपणार नाही एवढा धोका घेतला आणि तो बुडाला. दोघांत एक गोष्ट समान होती. दोघांच्याही पैशाचा रुळांशी, गाडीशी, प्रवाशाशी जिवंत संबंध उरला नव्हता. अॅरिस्टॉटलने घर चालवण्यासाठी मिळवलेली संपत्ती आणि निव्वळ संपत्तीसाठी मिळवलेली संपत्ती असा भेद केला आहे. पहिलीला गरजेची मर्यादा असते, दुसरीला मर्यादाच नसते. खेळातला अध्यक्ष दुसऱ्या प्रकारचा. त्याला भूक नाही, घर नाही, मुलीचं लग्न नाही. फक्त आकडा वाढवायचा आहे.

पण सगळेच असे नव्हते. महाराष्ट्रात दोन छोट्या रेल्वे अशा झाल्या की ज्यांच्यामागे माणसाचा चेहरा दिसतो.

एक बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर जीआयपीत नोकरीला होता. बार्शी ही धान्याची, कापसाची मोठी पेठ. पण मुख्य मार्गापासून दूर पडलेली. पंढरपूरचे वारकरी हाही मोठा प्रवासी वर्ग. तिथे अडीच फुटी रुळांची हलकी, स्वस्त रेल्वे चालेल असं याच्या मनाने घेतलं. अनेक वर्षं खटपट करून १८९५ मध्ये त्याने लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलके चालतात आणि खर्च वाचतो, ही त्याची युक्ती. पुढे हा मार्ग एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूर आणि मिरजेपर्यंत गेला. १९५४ मध्ये सरकारने तो घेतला. इथे पैसा आणि काम यांचं नातं दिसतं. इंजिनिअरने डोकं लढवून खर्च कमी केला, म्हणून धंदा जमला.

दुसरी माथेरानची. सर आदमजी पीरभॉय यांनी लष्कराला तंबू आणि इतर सामान पुरवून गडगंज पैसा मिळवला होता. त्यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळ ते माथेरान ही दोन फुटी रेल्वे स्वतःच्या पैशातून बांधली. खर्च सुमारे १६ लाख रुपये. त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, ते काम उभं केलं. म्हणजे रेल्वेतून संपत्ती असा क्रम नाही, आधी संपत्ती आणि मग रेल्वे. डाव जिंकण्याच्या दृष्टीने ही चाल चुकीचीच म्हणायची. पण आज हडसनच्या नावाने कुणी हरखून जात नाही, आणि माथेरानच्या गाडीत बसलेलं पोर मात्र अजून वळणावर टाळ्या पिटतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म कोतळूकचा, आपल्या गुहागर तालुक्यातला. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनसमोर त्यांनी साक्ष दिली आणि पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात दरवर्षी अंदाजपत्रकावर बोलताना ते एक मुद्दा लावून धरत. रेल्वेवर पैसा ओतता, मग पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य यांना हात का आखडता? गोखले रेल्वेच्या विरोधात नव्हते. खर्च कुणाचा आणि फायदा कुणाचा, एवढंच ते विचारत होते. आणि गंमत अशी की ज्या जिल्ह्याचा हा माणूस, त्या जिल्ह्याला रेल्वे मिळायला त्यांच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षं लागली.

का लागली? कारण साधं आहे. नफ्याचा हिशेब मांडला की कोकण कधीच बसत नसे. दऱ्या, नद्या, जांभा, प्रचंड पाऊस. खर्च अफाट, आणि न्यायला ना कोळसा ना कापूस. कोकणातून निघणारा मुख्य माल म्हणजे माणूस! तो मुंबईच्या गिरणीत जायचा, बोटीने, नंतर एसटीने. बॅरिस्टर नाथ पै, मग मधु दंडवते या राजापूरच्या खासदारांनी संसदेत हा विषय जिवंत ठेवला. १९८९-९० मध्ये योग जुळला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले.

म्हणजे ज्या १९९० मध्ये तो खेळ बाजारात आला, त्याच वर्षी आपली कंपनी निघाली. आणि १९९८ मध्ये खेळाचा दुसरा भाग आला, त्याच वर्षी आपली रेल्वे पूर्ण होऊन राष्ट्राला अर्पण झाली. निव्वळ योगायोग. पण दोन्हींच्या हिशेबाच्या वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात असा.

कोकण रेल्वे निघाली तेव्हा तिचे भागधारक कोण होते? रेल्वे मंत्रालय ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. भागभांडवल थोडं आणि बाकीचा मोठा पैसा रोख्यांतून, करमुक्त व्याजाचे रोखे काढून, जनतेकडून आणि संस्थांकडून. खेळातल्यासारखंच: थोडं भांडवल, बरंच कर्ज. फरक एवढाच की इथे अध्यक्षाला खिसा नव्हता. श्रीधरन यांच्या नावावर शेअर नाही, चढत्या भावाचा लाभ नाही. मिळाला तो पगार आणि लोकांचा विश्वास. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल, हे एवढं काम आठ वर्षांत झालं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, हे तर आपल्या उंबरठ्यावरचे.

मग कंपनी श्रीमंत झाली का? नाही. व्याजाचं ओझं तिने वर्षानुवर्षं वाहिलं, मधे कर्जाची पुनर्रचना करावी लागली. दुहेरीकरणासारख्या कामांना भांडवल आणायचं कुठून, म्हणून भारतीय रेल्वेत विलीन करण्याची चर्चा निघाली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याला संमतीही दिली. खेळाच्या नियमांनी पाहिलं तर हा हरलेला डाव.

पण हा निवाडा देण्यापूर्वी वहीतल्या दुसऱ्या पानाकडे बघा. गणपतीला गावी येणारा चाकरमानी एका रात्रीत घरी पोचतो. मुंबईच्या इस्पितळात न्यायचा रुग्ण घाटातल्या खड्ड्यांतून हेलपाटत नाही. ही मिळकत कंपनीच्या ताळेबंदात कुठे जमा होते? कुठेच नाही. तसंच खर्चाचंही आहे. हजारो खातेदारांची जमीन या मार्गात गेली. कुणाची भाताची खाचरं, कुणाची आंब्याची कलमं. त्याला जो मोबदला मिळाला तो एकदाच मिळाला. १८४९ मध्ये लंडनच्या भागधारकाला जमीन फुकट मिळाली होती, शिवाय ५ टक्के कायमचे. आपल्या माणसाने जमीन दिली आणि तो भागधारक झाला नाही. रोखे ज्यांनी घेतले त्यांना व्याज मिळालं. ज्याने जमीन दिली, त्याला तिकीट काढूनच गाडीत बसावं लागतं.

हे मी कुणावर आरोप म्हणून म्हणत नाही. लोकांच्या पैशातून, लोकांसाठी, कुणाचाही खिसा न भरता एवढं मोठं काम झालं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण प्रश्न उरतो. आपल्या जिल्ह्यात महामार्ग होतोय, बंदरं वाढतायत, प्रकल्प येतायत. प्रत्येक वेळी आपण विचारतो, मोबदला किती? हा गिऱ्हाइकाचा प्रश्न झाला. भागीदाराने वेगळे प्रश्न विचारायचे असतात. यात भांडवल कुणाचं? कर्ज कुणाच्या नावावर? भाव चढला तर हिस्सा कुणाचा? आणि बुडालं तर पहिली झळ कुणाला?

हे चार प्रश्न त्या खेळातल्या अध्यक्षाला तोंडपाठ असतात, कारण त्याला स्वतः श्रीमंत व्हायचं असतं. लंडनच्या वकिलांनाही ते १८४९ मध्ये तोंडपाठ होते, म्हणून तसा करार झाला. व्यवहार कळणं हे पाप नाही. पाप असलंच तर ते एकाला कळणं आणि दुसऱ्याला न कळू देणं यात आहे. तेव्हा घरातली मुलं असला खेळ खेळत असतील तर ओरडू नका. शेजारी बसा आणि एवढंच विचारा: तू जिंकलास, पण हे पैसे आले कुणाकडून? पोरगं थोडा वेळ गप्प बसेल. मग उत्तर शोधायला लागेल.

आज इथेच थांबतो.